दुसरा बॅज

४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सर्वप्रथम एक तक्रार नोंदवून ठेवतो, कारण ती ऐकून घेणारं माझ्या ओळखीचं दुसरं कुणी उरलेलं नाही. मी हल्ली ज्या कंपनीत जातो तिथे मला खुर्ची नाही. खुर्च्या आहेत, पण त्या कायम नोकरीतल्यांना. आम्हा उमेदवारांसाठी जमिनीवर बीनबॅग नावाची गाठोडी टाकली आहेत. एकोणपन्नाशीच्या माणसाला गाठोड्यात बसणं एकवेळ जमतं, पण उठणं हा जाहीर कार्यक्रम होतो. आधी डावीकडे लवंडायचं, मग एक गुडघा टेकायचा, मग शेजारच्या टेबलाचा पाय धरायचा. टेबलावरची मुलगी म्हणते, "काका, हात देऊ?" की आपण म्हणायचं, "नको, नको, खाली काही पडलंय का ते बघत होतो." माझ्या प्रबंधाचा विषय तंत्रज्ञान आणि माणसाची प्रतिष्ठा असा आहे. पहिल्या प्रकरणासाठी मला गाठोड्याबाहेर जावंच लागलं नाही.

तू मला फोनवरून हद्दपार केलंस त्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हा माझी खबर तुला भावोजींकडून तुकड्यातुकड्यांनी मिळत असेल. वर्तमानपत्र बंद पडलं, त्याबरोबर माझं विनोदी सदरही गेलं, आणि लोकांच्या खोड्या काढून पोट भरणारा तुझा भाऊ पीएच.डी.चा विद्यार्थी झाला. विद्यापीठ म्हणतं, तंत्रज्ञानाचे सामाजिक परिणाम पुस्तकात बघून कळत नाहीत, कंपनीत इंटर्नशिप करा. कंपन्या म्हणतात, या, आमचे परिणाम मोजा, फक्त चांगले निघाले तर बरं. म्हणून मी तीन महिन्यांसाठी इथे. कंपनीत 'सामाजिक परिणाम' नावाचा स्वतंत्र विभाग आहे. त्यात एक मॅडम, एक कुंडी आणि मी.

आता जे सांगणार आहे ते तुला निम्मं माहीत असेल. तुम्हा नर्सेसच्या गणवेशावर हल्ली जो पांढरा बॅज अडकवतात, कोण कुठल्या खाटेजवळ किती वेळ उभी होती ते टिपतो आणि महिनाअखेर प्रत्येकीला 'काळजी-गुण' देतो, तो आमच्याच कंपनीचा. त्याचं नाव 'सोबत'. त्याचा तुमच्यावर काय परिणाम होतो ते विचारत मी तुमच्याच हॉस्पिटलात हिंडतो. तुझ्या वॉर्डात आलो तो तुझा सुट्टीचा दिवस बघून. "तू नर्स आहेस, तुला काय, सवय आहे," असं आईच्या शेवटच्या दुखण्यात मी म्हणालो होतो, हे मला मान्य आहे. तो खटला या पत्रात नको.

बाकी सगळं ठीक. एक बारीकशी गोष्ट. तुझ्या वॉर्डातली ती करारावरची लहान नर्स, छोटी म्हणता तुम्ही तिला, तिचा बॅज काही दिवस तुझ्या खिशात ठेवू नकोस. कारण असं काही नाही, सहज आपलं सुचलं म्हणून लिहिलं.

पत्र तुमच्या दाराच्या पेटीत टाकून जातो. बेल वाजवत नाही.

तुझा भाऊ

७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

भावोजींचा फोन आला.

"ती घरी नाहीये," ते म्हणाले.

मागून तुझा आवाज: "विचारा त्याला, बॅजचं कोणी सांगितलं."

"ती नाहीये, पण ती विचारतेय की बॅजचं—"

"भावोजी, मी ऐकलं."

"ऐकलंस तरी मला सांगावं लागतं बाबा. मधे बसलोय ना मी." मग जरा थांबून म्हणाले, "आणि अर्धं पत्र लिहून कोणाला फसवतोस, असंही विचारलंय. हे मागून नाही आलं, समोरून आलं."

तर पूर्ण लिहितो. सांगितलं छोटीनेच. तुझ्या वॉर्डाच्या कोपऱ्यात चादरींची जी खोली आहे, तिथे ती उपड्या बादलीवर बसली होती. पाय इतके सुजलेले की चपलेचे पट्टे रुतून दिसेनासे झालेले. दिवस भरत आलेत, उभं राहवत नाही, आणि बसली तर गुण घसरतात. गुण घसरले तर करार पुढे वाढत नाही, आणि करारच नसेल तर बाळंतपणाची रजा कुठली? हे सगळं तिने मला हसत हसत सांगितलं. "काका, बाई कामावर असल्या की मी इथे बसते आणि माझी काळजी मोठ्या बाईंच्या खिशात बसून वॉर्डभर फिरते." मी विचारलं, हे तुला सुचलं का? तर म्हणे, छे, बाईंनी एके दिवशी माझ्याकडे हात पुढे केला आणि म्हणाल्या, "दे इकडे ते लोढणं."

मी तिला शब्द दिला होता की हे कुणाला कळणार नाही. तिचं नाव मी कुठल्याही कागदावर लिहिलं नाही. तुझंही नाही. कागदावर मी धुतल्या तांदळासारखा आहे.

पण दर गुरुवारी आम्हा उमेदवारांना सगळ्या कंपनीसमोर उभं राहून, आठवड्यात काय शिकलो, ते सांगावं लागतं. गेल्या आठवड्यात माझ्याआधी एका मुलाने आलेखामागून आलेख दाखवले. लोक फोनमध्ये माना घालून बसले होते. मग माझी पाळी आली. नाव नाही, वॉर्ड नाही, हॉस्पिटलसुद्धा नाही. एवढंच म्हणालो, "एक बाई दोन बॅज घेऊन फिरते, आणि यंत्र म्हणतं, वा, दोघीही किती मायाळू आहेत."

हसले गं सगळे. एकाची कॉफी सांडली. वर्तमानपत्र बंद पडल्यापासून माझ्या वाक्याला असा हशा मिळाला नव्हता. घरी बायको हसते, पण ती माझ्या वाक्याला नव्हे. मी आणखी रंगवून सांगितलं.

सगळ्यात जास्त हसला तो या बॅजचा प्रमुख. कुठल्याही विषयावर तो "पुढच्या टप्प्यात बघू" म्हणतो, म्हणून आम्ही त्याला 'पुढचा टप्पा' म्हणतो. त्याने डोळे पुसले आणि शेजारच्या मुलाला विचारलं, "हे पकडता येईल का रे?"

मुलगा म्हणाला, "सोपं आहे, सर. दोन बॅज एकाच पावलाने चालले की समजायचं."

मी अजून उभाच होतो. टाळ्याही वाजल्या होत्या.

बॅज आमचे फक्त तुमच्याच हॉस्पिटलात आहेत, तेव्हा नाव न घेतल्याचा किती उपयोग ते तू ओळखशीलच. म्हणून पुन्हा लिहितो. तो बॅज खिशात ठेवू नकोस.

तुझा भाऊ

१३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

भावोजींनी तुझं उत्तर शब्दशः वाचून दाखवलं. कागदावर लिहून दिलं होतंस म्हणे, मधे त्यांची भर पडू नये म्हणून. "आज बॅज काढून घेतला तर तिचे गुण उद्या धाडकन पडतील. तेही त्यांना दिसेलच. एवढं शिकलेल्या माणसाला एवढं कळू नये?" खाली भावोजींनी आपल्या मनाने जोडलं, "तिने भांडी फार जोरात घासली आज."

खरं आहे. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही खणली मी.

इथली खबर अशी. त्या मुलाने यंत्राला जोड्या शोधायला लावल्या. पहिल्या फेरीत दोन मैत्रिणी सापडल्या, ज्या चहालाही एकत्र जातात. एक बॅज असा सापडला की तो एका खाटेपासून हलतच नाही. तपास केला तर गादीखाली घसरून पडलेला. गेल्या महिन्यात त्यालाच सर्वाधिक काळजी-गुण होते, त्याच्या मालकिणीला शाबासकीचं पत्रही गेलंय. मी हसलो. कोणी साथ दिली नाही. दुसऱ्या फेरीत तुझा वॉर्ड आला.

पुढचा टप्पा मला काचेच्या खोलीत घेऊन गेला. खोलीत खुर्ची होती, आणि ती त्याने मला दिली. तिथेच मी सावध झालो.

"तुमच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग लागेल. फक्त खात्री करायला."

"ते देता येत नाही. बोलणाऱ्यांना मी तसा शब्द दिलाय."

"शब्द कंपनीच्या वतीने दिलात ना? मग कंपनीलाच देताय. घरातल्या घरात."

"घरात चोरी झाली की घरातल्या घरातच म्हणतात."

तो हसला नाही. माझ्यावर हसायचं लोकांनी एकदमच थांबवलंय. म्हणाला, "हे बघा, ती मुलगी करारावरची आहे. करार तसाही संपत आलाय. तिने बॅज दिला, तिचा दोष. वॉर्डाच्या बाई जुन्या आहेत, त्यांना आपण मधे आणायचंच नाही. सगळ्यांनाच सोपं." हे मी तुला सुचवत नाही, ताई. त्याने म्हटलं ते कळवतो. त्यातलं 'जुन्या बाईंना मधे आणायचं नाही' हे ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, हेही कळवतो.

मॅडमकडे गेलो. कुंडीला पाणी घालत होत्या. "मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे," म्हणाल्या, "पण या तिमाहीत नाही." मग विद्यापीठात आमच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला.

"रेकॉर्डिंग अजिबात द्यायचं नाही," सर म्हणाले. "आणि कंपनीशी संबंधही बिघडवायचे नाहीत."

"सर, दोन्ही एकदम कसं जमणार?"

"ते जमवणं म्हणजेच संशोधन."

छोटीचं रेकॉर्डिंग मी आज पुसून टाकलं. आधी एकदा ऐकलं. बादलीवरून उठताना तिने "अगं आई गं" म्हटलेलं त्यात होतं, आणि मग स्वतःच म्हणाली, "हे नका हं घेऊ." माझ्या प्रबंधात याहून चांगलं पान होणार नव्हतं.

सोमवारी तुमच्या अधीक्षकांच्या खोलीत बैठक आहे. पुढचा टप्पा येतोय, मलाही हजर राहायचंय. तुला आणि छोटीला निरोप येईल. तू काही बोलू नकोस. निदान आधी बोलू नकोस.

तुझा भाऊ

१८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

काल तू खोलीत आलीस त्याआधी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. छोटी बाहेर बाकावर बसली होती. मी तिच्यासमोरून आत गेलो. ती "काका" म्हणाली नाही.

अधीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "मामला साधा आहे. त्या मुलीने जाणूनबुजून बॅज दिला असेल तर ती फसवणूक. करार आजच रद्द. तिला ठाऊक नव्हतं आणि वॉर्डाच्या बाईंनीच परस्पर हे केलं असेल, तर तो आमचा घरचा मामला. बाईंची बदली करू. तिला ठाऊक होतं की नव्हतं, एवढंच ठरवायचंय." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तिच्याशी बोललात ना? मग तुम्हाला माहीत असणार."

मी म्हणणार होतो की मुलाखतीत काय झालं ते मी सांगू शकत नाही. वाक्य तयार होतं, सरांनी घोटून घेतलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात लक्षात आलं की असल्या खोलीत 'सांगू शकत नाही' याचा अर्थ 'हो' असाच धरतात. मी खोकलो, पाणी मागितलं. तेवढ्यात तू आलीस.

तू बसली नाहीस. दीड वर्षाने तुला समोरून पाहत होतो. केस बरेच पिकलेत.

"हा दुसरा बॅज तुमच्या खिशात कसा?" अधीक्षकांनी विचारलं.

"मी ठेवला म्हणून."

"तिने दिला?"

"तिला पत्ता नाही. ती गणवेश बदलते तिथे टांगलेला असायचा, मी काढून घ्यायचे. तिला वाटायचं, बॅज चार्जिंगला लावलाय."

"रोज?"

"रोज. ती पोर जरा वेंधळी आहे."

लहानपणी दुधावरची साय मी खाल्ली आणि मांजराचं नाव सांगितलं, तेव्हा मांजराची बाजू घेऊन आईकडे गेलेली तू. तुला मी आयुष्यात खोटं बोलताना ऐकलेलं नव्हतं. एवढ्या वर्षांचं साठवून एकदम काढलंस, आणि एकदाही पापणी हलली नाही.

पुढचा टप्पा म्हणाला, "पण गुरुवारी आमच्याकडे वेगळंच ऐकलं होतं. या काकांनी सांगितलं की ती मुलगी स्वतःच म्हणाली, माझी काळजी बाईंच्या खिशात फिरते. म्हणजे तिला माहीत होतं."

हे मी गुरुवारी, आणखी रंगवून सांगताना, बोलून गेलो होतो. तुला लिहिलं नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तू मात्र खिडकीकडे बघत होतीस.

तेव्हा मी म्हणालो, "ती असं काही म्हणाली नाही. ते वाक्य माझं आहे."

"म्हणजे?"

"वॉर्डात एका बाईंच्या खिशात मला दोन बॅज दिसले. बाकीचं मी रचलं. लोक फोनमध्ये बघत होते, मला हशा हवा होता."

"संशोधन म्हणून तुम्ही आम्हाला रचलेली गोष्ट सांगितलीत?"

"हो."

"रेकॉर्डिंग?"

"नाही. त्या मुलीची मुलाखत मी घेतलीच नाही."

अधीक्षकांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि मी खाली सही केली. सही करताना तारीख मात्र चुकली.

पुढचं तुला माहीत आहेच. छोटीचा करार राहिला. तू वॉर्डातून निघून तळघरातल्या कपड्यांच्या कोठारात. वॉर्डाच्या मोठ्या बाईंनी आता धोब्याकडून आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या. आणि बॅजमध्ये पुढच्या टप्प्यात नाडीचे ठोके ओळखणारं काहीतरी बसवणार आहेत, म्हणजे तो खिशात चालणार नाही. ही सुधारणा माझ्या गुरुवारच्या भाषणातून सुचली, असं त्यांच्या कागदपत्रात आलंय. सामाजिक परिणाम म्हणतात तो हाच असावा.

माझी इंटर्नशिप कालच संपली. संध्याकाळी सरांचा फोन आला. म्हणाले, "तू खरंच रचलंस?" मी म्हणालो, "सर, सही केलीय." आमच्या धंद्यात दुसऱ्याचं उचललं तर त्याला संदर्भ म्हणतात, ते चालतं. माहिती रचणं चालत नाही. पुढच्या महिन्यात विद्यापीठाच्या समितीसमोर उभं राहायचंय. तिथेही हेच सांगावं लागेल. एकदा एका खोलीत हे आणि दुसऱ्या खोलीत ते सांगितलं, तर कागद फिरत फिरत छोटीपर्यंत जाईल.

बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे खरं बोललास तेव्हा वाट लावलीस आणि खोटं बोलून निस्तरलंस. वर डॉक्टरेट पाहिजे." मग ताट वाढलं.

बैठकीनंतर जिन्यात तू माझ्याजवळून गेलीस. मी कठडा धरून बाजूला झालो.

तुझा भाऊ

२३ फेब्रुवारी, रविवार

प्रिय ताई,

काल तळघरात आलो तेव्हा मनाची तयारी करून आलो होतो. तू दारातच उभी राहिलीस, आत ये म्हणाली नाहीस, जाही म्हणाली नाहीस. पहिलं वाक्य काय बोलशील याचे मी वाटेत पाच-सहा नमुने तयार केले होते. "वाळलास," हा त्यात नव्हता.

छोटीची रजा मंजूर झाली, हे तुझ्याकडूनच कळलं. ती तुला भेटायला जिना उतरून आली आणि तू तिला ओरडलीस, हेही कळलं. मग तू माझ्या समितीचं विचारलंस. मी म्हणालो, "बघू, काढून टाकतील फार तर."

"मग?"

"मग काय, पुन्हा विनोद लिहीन."

"तिथे बोललास त्यातलं एक मला लगेच पटलं. 'हशा हवा होता' म्हणालास ते. बाकीचं पाठ करून आल्यासारखं होतं."

"तुझं तर फारच सराईत होतं."

"मी चार दिवस आरशासमोर म्हणत होते, पंडित. ह्यांना वाटलं, डोकं फिरलं."

एवढ्यात धोब्याची गाडी आली, धुतलेल्या चादरींचा ढीग टाकून गेली, आणि आपण दारातच बोलत राहिलो. आईचं बोलणं झालं नाही. भावोजींच्या गुडघ्याचं झालं, माझ्या बायकोच्या जिभेचं झालं. कोठार सांभाळणारा तो फाटक्या आवाजाचा माणूस आला आणि म्हणाला, "मोठ्या बाई, वॉर्डात चालत असेल, इथे गप्पांना वेळ नसतो. ढीग उद्यावर गेला बघा." दोन आठवड्यांपूर्वी तो तुला "बाई, जरा सही" म्हणून दारात थांबत असेल. माझ्याकडे वळून एवढंच म्हणालीस, "बघ. तुझ्यापायी." आणि आत गेलीस.

आज तुझी सुट्टी. सकाळी मी तळघरात जाऊन आलो. कोठारात कामाला असलेल्या मावशी होत्या, त्यांनी आधी मला हाकललं, मग मी तुझा भाऊ म्हटल्यावर तोंडभर हसल्या, "ते रचणारे?" कालचा ढीग तसाच पडला होता. मोठी चादर एकट्याने घडी घालता येत नाही हे मला आज कळलं. दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी. जवळ यायचं, कोपरे द्यायचे, मागे जायचं, पुन्हा जवळ यायचं. मावशींनी दोनदा माझ्या हातून चादर ओढून घेतली. "अहो, उलटी धरलीय." बोलण्यासारखं दुसरं काही नव्हतं, मीही काही रचलं नाही. ढीग संपला तेव्हा त्यांनी सगळ्या घड्या कपाटात लावल्या आणि मला दार ओढून घ्यायला सांगितलं.

उद्या कपाट उघडशील तेव्हा खालच्या फळीवर बघ. कोपरे जुळत नाहीत त्या माझ्या.

तुझा भाऊ